इस्त्रीची फेरी

"हे काय आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"काच," जावई म्हणाला.

"काच कळली हो. मी विचारतोय, बाकीची कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. नव्या बोटीची पुढची काच जेमतेम वीतभर उंच होती. काळसर, मागे झुकलेली, बघणाऱ्याने बघतच राहावं अशी. तिच्यामागे उभा राहणारा माणूस मात्र कमरेच्या वर संपूर्ण उघडा पडत होता. सासऱ्यांनी बोटीला एक चक्कर मारली. खाली फायबरचा कडक तळ, दोन्ही बाजूंना हवा भरलेल्या जाड करड्या नळ्या, मागे इंजिन. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी वर बघितलं. वर कारखान्याचं छप्पर होतं. बोटीला छप्पर नव्हतं.

"छत?"

"छत लावलं की हिची सगळी रेषा मोडते, बाबा. बघा ना, टोकापासून मागपर्यंत नजर कशी एका दमात जाते."

"नजर जाईल हो. पाणीसुद्धा एका दमातच जाईल."

सासरे तीस वर्षं बोटी बांधत होते. त्यांच्या प्रत्येक बोटीवर चारी बाजूंनी बंद, सरळ भिंतींची, चौकोनी केबिन असायची. आजूबाजूचे लोक त्या बोटींना 'कपाट' म्हणत आणि सासऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. घरात येऊन चार वर्षं झाली तरी जावयाच्या वाट्याला मात्र फाटक्या नळ्यांना ठिगळं लावण्यापलीकडे काही आलं नव्हतं. शेवटी बायकोने आपल्या बापाशी भांडून त्याला एक बोट मिळवून दिली. आठ महिने तो तिच्यावर राबला. अट एकच होती. गिऱ्हाइकाने बोट घेतली तर पुढच्या बोटी जावयाच्या हातच्या. नाही घेतली तर पुन्हा ठिगळं, आणि यावेळी कायमची.

गिऱ्हाईक होत्या डॉक्टरीणबाई. समोरच्या तीन बेटांवर त्यांना आठवड्यातून चार दिवस जावं लागे. त्यांची सध्याची बोट अशी होती की, त्या बेटावर पोचल्या की आधी पेशंट त्यांना टॉवेल द्यायचे आणि मग आपलं दुखणं सांगायचे.

आणि डॉक्टरीणबाईंच्याही आधी एक मोठी परीक्षा होती ती म्हणजे इस्त्रीची फेरी.

हा सासऱ्यांचा नियम. कारखान्यातून कुठलीही बोट बाहेर पडायची तर पहिली फेरी घरच्यांनी मारायची, तीही ठेवणीतले कपडे घालून, आणि त्या कपड्यांना त्याच सकाळी इस्त्री केलेली हवी. रेनकोट नाही, छत्री नाही. बंदराच्या बांधाबाहेर, जिथे लाटा सुरू होतात तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं. मग धक्क्यावर सासरे प्रत्येकाच्या बाहीची घडी चिमटीत धरून बघणार. घडी टिकली तर बोट पास. मोडली तर बोट परत शेडमध्ये. सासऱ्यांची एकही बोट आजवर नापास झाली नव्हती. कपाटात ठेवलेल्या कपड्यांची इस्त्री कशी मोडणार?

फेरीच्या आदल्या दुपारी जावई हळूच एकटाच बोट घेऊन बाहेर गेला. अर्ध्या तासात परत आला तो असा, की बायकोने त्याला आधी ओळखलंच नाही.

"अरे, पडलास की काय पाण्यात?"

"नाही. बोटीतच होतो."

पाणी काचेवरून येत नव्हतंच, ते नळीवर आपटून बाजूने उडत होतं आणि सरळ माणसांच्या अंगावर येत होतं. वर छत घातलं, बाजूला आडोसा केला तर थांबलं असतं. पण छत? त्याच्या बोटीवर? त्यापेक्षा त्याने केस भादरून घेतले असते. तो शिवणखात्यात जाऊन बसला. बायको बोटींच्या सीटा आणि ताडपत्र्या तिथेच शिवायची. कोपऱ्यात मेणाच्या द्रावणाचा डबा होता. ताडपत्रीला हे लावलं की तिच्यावर पाणी टिकत नाही, थेंब होऊन घरंगळतं.

जावई बराच वेळ डब्याकडे बघत राहिला. तसा माणूस वाईट नव्हता. पण आठ महिने एकाच गोष्टीवर जीव लावला की चांगल्या माणसाचंही डोकं फिरतं. सासूसासरे बाजारात गेले होते. त्याने कपडे बाहेर काढले. सासऱ्यांचा काळा कोट आणि पँट, सासूबाईंचा लांब निळा रेशमी कोट, बायकोचा हिरवा ड्रेस, स्वतःचा पांढरा शर्ट. ब्रश घेतला आणि सगळ्यांना दोन-दोन हात मारले. वाळल्यावर कपड्यांचा थोडा वास येत होता, पण बोटीच्या कारखान्यात कशाला वास येत नाही?

एक गोष्ट मात्र तो साफ विसरला. मेण इस्त्रीच्या गरमीने वितळतं.

"अगं बाई! हा कोट इस्त्रीला चिकटतोय!" सकाळी सासूबाईंचा आवाज आला.

"इस्त्री जास्त गरम झाली असेल," जावई दारातून म्हणाला.

"आणि हा करकर वाजतोय कसला?"

"रेशीम जुनं झालं की वाजतं, आई."

बायकोने आईच्या हातून कोट घेतला, नाकाशी धरला आणि ती शिवणखात्यात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात रिकामा डबा होता. नवऱ्याला तिने जिन्याखाली गाठलं.

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना."

"मग?"

"आठ महिने, गं." एवढंच तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला. तिने डबा पायरीखाली सरकवला. "माझ्या बापाला कळलं तर दोघांनाही समुद्रात ढकलेल," ती म्हणाली, आणि जाऊन तो हिरवा ड्रेस मुकाट्याने अंगात चढवला.

इस्त्रीने मेण कापडात चांगलं मुरलं होतं आणि गार झाल्यावर घट्ट बसलं होतं. सासऱ्यांनी कोट घातला तेव्हा त्यांचे दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब उभे राहिले. ते खाली येईनात.

"मी जाड झालोय का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कोट आटलाय. माझाही आटलाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागत होतं.

अशी ही चार माणसं धक्क्यावर ताठ चालत आली. जावयाला अजून धीर होता. डॉक्टरीणबाई अकरा वाजता येणार होत्या, तोवर फेरी आटोपणार होती. पण डॉक्टरीणबाई साडेनऊलाच धक्क्यावर हजर. अंगात पांढराशुभ्र कोट, हातात पिशवी.

"इस्त्रीची फेरी आहे असं ऐकलं. मीही बसते. माझ्याही कोटाला आजचीच इस्त्री आहे."

घरातल्या सगळ्या कपड्यांना जावयाने मेण लावलं होतं, पण गिऱ्हाइकाच्या कोटाला लावायला तो कुठे जाणार?

"बाई, तुम्ही इथूनच बघा ना. इथून जास्त छान दिसते."

"मला दिसण्याशी काय करायचंय? मला बसायचंय," म्हणत त्या मागच्या सीटवर सासूबाईंशेजारी जाऊन बसल्याही. सासऱ्यांना बसताच येईना, पँट गुडघ्यात वाकत नव्हती. ते डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात दांडा धरून उभे राहिले. बायको पुढे, नवऱ्याच्या बाजूला.

बोट निघाली आणि खरं सांगायचं तर दिसत होती देखणीच. धक्क्यावर जाळी विणणारे हात थांबले. माल उतरवणारे वळून बघायला लागले. बांधापर्यंत सगळं सुरळीत पार पडलं.

बांधाबाहेर पहिली लाट नळीवर आपटली. पाणी उडालं, सासऱ्यांच्या छातीवर आलं, एक थेंबही न मुरता खाली घरंगळलं आणि डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर पडलं. दुसरी लाट सासूबाईंवर आली. सासूबाईंचा रेशमी कोट त्यांच्या बाजूलाच उतरता होता. तेही पाणी तिकडेच गेलं. तिसरी लाट जावयाच्या पाठीवरून मागे गेली. थोडक्यात, चौघांच्या वाट्याचं पाणी डॉक्टरीणबाईंना मिळत होतं आणि त्यांचं स्वतःचं होतं ते वेगळंच.

"हळू घे! जरा हळू घे!" बायको दातओठ खात पुटपुटली.

त्याने वेग कमी केला, तर बोट लाटांवर डुलायला लागली आणि पाणी आता दोन्ही बाजूंनी यायला लागलं. वेग वाढवला, तर जास्त उंच उडायला लागलं. वळवली, तर जे डाव्या बाजूने येत होतं ते उजव्या बाजूने आलं. मागे वळून बघायची त्याची छातीच होईना.

"बाई, ठीक आहात ना?" त्याने ओरडून विचारलं.

"मी ठीक आहे," मागून गुळण्या केल्यासारखा आवाज आला.

धक्क्यावर उतरल्यावर सासऱ्यांनी नियमाप्रमाणे तपासणी सुरू केली. सासूबाईंची बाही. घडी जशीच्या तशी. मुलीची बाही. तशीच. जावयाची बाही चिमटीत धरली तर घडी बोटाला टोचली. सासऱ्यांनी स्वतःची पँट बघितली. आयुष्यात तिला एवढी कडक इस्त्री कधी नव्हती. त्यांनी डोक्यावरचं पाणी पुसलं आणि बोटीकडे बघत राहिले.

"मान्य," ते शेवटी म्हणाले. "जावईबापू, चुकलो मी. छत नाही, काच वीतभर आणि इस्त्री शाबूत आहे. कसं केलंत मला कळत नाही. पण नियम म्हणजे नियम. बोट पास."

एवढं सरळ बोलतील असं जावयाला वाटलं नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाई कोटाचं टोक पिळत होत्या. त्यांच्या पायाशी चांगलं तळं साचलं होतं.

"माझंच चुकलं. मला बोटीत बसायचं कळत नाही. तुम्ही चौघं कोरडे, मी एकटीच ओली. जागा चुकली माझी." त्यांनी पिशवीतून वही काढली. "बोट मी घेते. मंगळवारीच हवी. पलीकडच्या बेटावरून एका बाळंतिणीला आणायचंय, बाळ आठ दिवसांचं आहे. सगळ्यात कोरडी जागा कुठली? तुमचे सासरे उभे होते ती ना? तिथेच बाळाला घेऊन बसवते तिला."

जावयाने एकदा बोटीकडे बघितलं, एकदा बायकोकडे. बायको जमिनीकडे बघत होती.

"नका," तो म्हणाला.

"काय नका?"

"बाळाला नका बसवू तिथे. कुठेच नका बसवू. या बोटीत सगळीकडे पाणी येतं. आम्ही कोरडे नाही, आमचे कपडे कोरडे आहेत. मी काल सगळ्यांना ताडपत्रीचं मेण लावलं."

सासूबाईंनी आपला रेशमी कोट चाचपला आणि "अरे देवा!" म्हणून त्या दोरखंडांच्या ढिगावर बसल्या. बसताना कोट मोठ्याने वाजला.

सासरे रागावले की त्यांचं बोलणं फार अदबीचं व्हायचं. "जावईबापू," ते म्हणाले, "आपण कृपा करून जरा इकडे येता का?" आणि त्यांनी हात उगारला. पण बाही कोपरात वळेना. हात हवेत आडवा उभा राहिला, तो ना पुढे जाईना, ना मागे. शेवटी मुलीनेच तो धरून खाली केला.

"बाई, माझी चूक झाली," जावई म्हणाला. "बाबांची बोट घ्या. त्यांच्या केबिनमध्ये बाळाला थेंबही लागणार नाही. मी जातो ठिगळं लावायला."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. वही ओलीच होती, तिच्यातूनही पाणी गळलं.

"तुमच्या सासऱ्यांच्या केबिनमध्ये मी बसलेय," त्या म्हणाल्या. "कोरडी असते. पण सगळीकडून बंद आणि खिडकी कपाळाच्या वर. बाहेरचं काही दिसत नाही, निम्मे पेशंट त्यातच ओकतात. आणि तुमच्यात दिसतं सगळं, पण बुडायला होतं." त्या हसल्या. "चार वर्षं बोटी बघतेय. प्रत्येक जण सांगतो, बाई, पाणी मुळीच येत नाही. येतं असं आज पहिल्यांदा कुणी सांगितलं. बोट तुमचीच घेते. मंगळवारपर्यंत छत लावा, बाजूंना आडोसा करा."

"कसं दिसायला हवं?" जावयाने सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

"आतून चांगलं दिसू दे. बाहेरून मी कधी बघणार? मी आत असते."

आठ महिने जावई ती बोट कागदावर धक्क्यावरून बघितल्यासारखीच काढत होता. आत बसलेल्या माणसाला काय दिसतं, हे त्याने एकदाही काढून बघितलं नव्हतं. त्याने मेणाचा शर्ट उतरवला, बायकोच्या हातात किल्ली दिली आणि स्वतः बनियनवर मागच्या सीटवर, बाईंच्या जागी जाऊन बसला. "चल," तो म्हणाला, "तीच फेरी. आणि हळू घेऊ नकोस."

परत आला तेव्हा तो नखशिखांत भिजला होता. दात वाजत होते, ओठ निळे पडले होते, पण छत कुठून कुठवर हवं, कुठे वाकवायचं आणि खिडकी किती खाली आणायची, हे त्याला इंच न् इंच कळलं होतं. धक्क्यावर चढता चढता तो हातवारे करून बायकोला सांगत होता. सासरे तिथेच उभे होते. कोट काढायला त्यांना कुणी मदत केली नव्हती.

"केबिन करणार म्हणता?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. चारी बाजूंनी. तुमच्यासारखीच सरळ भिंतींची. दिसायचं काय ते दिसू दे."

सासऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं. सासूबाई ऐकत नाहीत ना, याची खात्री करून घेतली आणि जावयाच्या कानाशी वाकायला गेले. वाकता येईना, म्हणून ताठ उभ्यानेच हळू आवाजात म्हणाले,

"सरळ नको हो. मघाशी आपण निघालो ना, तेव्हा सगळा धक्का वळून बघत होता. तीस वर्षांत माझ्या बोटीकडे कुणी वळून बघितलं नाही. कोरडी ठेवा, पण... थोडी ती रेषा राहू द्या."