इंदुताईंची फुंक

भगवानरावांच्या गाडीने त्यांचं तोंड हुंगलं आणि चालू व्हायला साफ नकार दिला. स्टिअरिंगजवळच्या काळ्या डबीवर लाल दिवा लागला, डबी कोकलली, आणि पांढरकवड्याच्या भर बाजारात, स्वतःच्या कृषी केंद्रासमोर, चार गिऱ्हाइकांच्या देखत भगवानराव नळी हातात धरून बसून राहिले.

“मी फक्त खोकल्याची दवाई घेतली,” ते डबीला म्हणाले.

डबीला त्यांच्या खोकल्याशी काही देणंघेणं नव्हतं. नळीत फुंकायचं, तोंडाला दारूचा वास नसेल तर हिरवा दिवा आणि गाडी चालू. असेल तर लाल दिवा आणि गाडी बंद. लागोपाठ तीनदा लाल झाला की दुसऱ्या सकाळपर्यंत गाडी जागची हलत नाही. बरं, एकदा फुंकून सुटका होते म्हणावं तर तेही नाही. चालत्या गाडीत मधूनच डबी पुन्हा कोकलते आणि पुन्हा फुंक मागते. हा सगळा हिशेब नागपूरला नोकरी करणाऱ्या गोपालच्या, म्हणजे भगवानरावांच्या एकुलत्या एका मुलाच्या मोबाइलवर जातो. डबी त्यानेच बसवून घेतली होती.

कारण उघड होतं. गेल्या वर्षी करंजीजवळ भगवानरावांनी गाडी उभ्या ट्रॉलीवर घातली होती. शेजारी त्यांचा भाचा बसला होता, मारेगावच्या बहिणीचा, मथुराबाईंचा सोनू. भगवानरावांना कपाळावर टाके पडले. सोनूला दवाखान्यात न्यायचीही गरज उरली नाही. भगवानराव त्या दिवशी किती प्यायले होते हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं, पण बोलताना सगळे एवढंच बोलले की ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता. बारा दिवस लोक येत होते आणि ट्रॉलीला शिव्या देऊन जात होते.

गोपालने मात्र बापाला सुनावलं, “डबी लागन, नाही त गाडी विकतो.”

गाडी विकली तर गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून भगवानरावांनी डबी लावू दिली. आणि मग तिला फसवायच्या मागे लागले. वेलची खाऊन झाली, लसूण खाऊन झाला, ठेचा खाऊन झाला. सायकलच्या पंपाने हवा भरून पाहिली, तर डबीला माणसाचाच ऊबदार श्वास हवा होता. दुकानातल्या पिंटूला फुंकायला लावलं, तेव्हा लाल दिवा लागला आणि पिंटूही घेतो हे मालकाला त्या दिवशी कळलं.

शेवटी भगवानरावांना बायको आठवली.

इंदुताईंनी आयुष्यात चहाखेरीज कसलं व्यसन केलं नव्हतं. त्यांनी नळीत नुसता श्वास सोडला आणि हिरवा दिवा लागला. तेव्हापासून ज्या बाईला लग्नानंतर कळंबच्या चिंतामणीपलीकडे कोणी कुठे नेलं नव्हतं, ती रोज पुढच्या सीटवर बसून फिरू लागली. कापसाच्या जिनिंगवर, बाजार समितीत, पाहुण्यांकडे, आणि संध्याकाळी हायवेवरच्या ढाब्यावरसुद्धा. आत भगवानराव मित्रांबरोबर बसत आणि इंदुताई गाडीत बसून तुरीच्या शेंगा सोलत.

“काकू, काकाजीचा तुमच्यावर लयच जीव हाय बाप्पा,” शेजारच्या हंसाबाई म्हणाल्या. “म्हातारपणी असं फिरवणारा नवरा कोणाले भेटते?”

प्रत्येक फेरीला डबी कोकलली की इंदुताई फुंकायच्या, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे दिसले की डोळे मिटायच्या. एकदा त्यांनी हिंमत करून गोपालला फोनवर सांगितलं, “बावा, तुह्ये बाबा घेतेतच रे अजून. फुंकतो मी.”

“आई, काहीही काय बोलून राह्यली?” गोपाल हसला. “रोज हिरवा येते माह्या मोबाइलवर. मशीन खोटं बोलत नाही. बाबाचं जरा चांगलंही बोलत जा न कधी.”

बाबा सुधारले ही बातमी त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. खाली फुलांचा आणि हात जोडल्याचा पाऊस पडला.

अशात सोनूचं वर्षश्राद्ध आलं. गोपालची आठ वर्षांची सलोनी सुट्टीत आजीकडे आलेली होती, तीही बरोबर निघाली. मारेगावला मथुराबाईंच्या अंगणात मांडव होता, सोनूच्या फोटोला हार होता, आणि मागच्या गोठ्यात ताडपत्रीआड पुरुषांचं दुःख हलकं करायची सोय होती. जेवणं उरकल्यावर भगवानराव तिकडे गेले ते दिवस कलायला आला तेव्हा परतले. पायरी चुकले, मांडवाच्या खांबाला धरलं, आणि खांबासकट मांडव थोडा हलला.

“सोनूची लय आठवण येऊन राह्यली होती,” ते म्हणाले.

सलोनी मागच्या सीटवर जाऊन बसली होती. इंदुताई गाडीच्या दारात उभ्या राहिल्या.

“अवो, आज इथंच राहू. सकाळी जाऊ.”

“सकाळी कंपनीचा माणूस येते दुकानात. बस आन् फुंक.”

“मी नाही फुंकत.”

भगवानराव रागावले नाहीत. रागवायची त्यांना गरजच नव्हती. स्टिअरिंगवर बसल्या बसल्या त्यांनी मागे वळून नळी पुढे केली. “नको फुंकू. माही सलोनी फुंकन. काय बेटा? हिरवा लाइट लावतं न?”

“हो आबा!” सलोनी टुणकन पुढे आली. हिरवा लाइट तिला फार आवडायचा.

नाही म्हणून काही उपयोग नव्हता, हे इंदुताईंना त्या क्षणी कळलं. या घरात चांगल्या श्वासाची काही कमतरता नव्हती. त्यांचा नाही तर पोरीचा, पोरीचा नाही तर मथुराबाईंचा. गाडी थांबवायची असेल तर चांगला श्वास नाकारून भागणार नव्हतं, वाईट श्वास द्यायला हवा होता, आणि तोही तीनदा.

“थांबा. पोरीले नका लावू,” त्या म्हणाल्या. “मीच फुंकतो. पाय धुऊन येतो.”

त्या मागच्या गोठ्यात गेल्या. पुरुष आता मांडवात पांगले होते. ताडपत्रीखाली अर्धी बाटली होती. इंदुताईंनी आजवर ही वस्तू नवऱ्याच्या खिशातून काढून मोरीत ओतली होती, तोंडाजवळ कधी नेली नव्हती. विचार साधा होता: तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची. त्यांनी डोळे मिटून मोठा घोट घेतला. जीभ पेटली, कान पेटले. त्या थुंकणार एवढ्यात मागून मथुराबाई आल्या.

“वहिनी, बुंदी बांधून देऊ का सलोनीले?”

इंदुताईंनी गाल फुगवून मान हलवली.

“हो का नाही? बोल न वं!”

श्राद्धाच्या घरी, मेलेल्या पोराच्या आईपुढे दारूची चूळ टाकायची? इंदुताईंनी घोट गिळला.

“दे,” त्या म्हणाल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मथुराबाईंना वाटलं, वहिनी सोनूसाठी रडतेय. त्यांनी पदराने इंदुताईंचे डोळे पुसले, आणि पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

इंदुताई गाडीत बसल्या आणि फुंकल्या. लाल दिवा.

“मशीन बिघडली,” भगवानराव म्हणाले. “पुन्हा फुंक.”

पुन्हा लाल. सलोनीने टाळी वाजवायला उचललेले हात खाली घेतले. तिसऱ्या फुंकीनंतर डबी अशी काही कोकलली की मांडवातले सगळे गाडीभोवती जमले. मथुराबाईंचा दीर उकंडा, ज्याने सगळी दुपार ताडपत्रीमागेच घालवली होती, तो खिडकीतून आत वाकला आणि झटक्यात मागे झाला.

“भाऊजी, मशीन बराबर हाय,” तो कपाळाला हात लावून म्हणाला. “वहिनीच्या तोंडाले वास येऊन राह्यला!”

“राम राम राम!” कुणीतरी म्हणालं. “श्राद्धाच्या दिवशी? बाईच्या जातीनं?”

भगवानराव गाडीतून उतरले, तोल गेला म्हणून उकंड्याला धरलं, आणि उकंड्याने त्यांना. दोघंही एकमेकांच्या आधाराने उभे राहून इंदुताईंकडे बघू लागले. “माह्या घरात असं कधी झालं नाही,” भगवानराव म्हणाले, आणि खरोखरच रडले. चार माणसं त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला धावली.

इंदुताईंच्या पाठीवर हात ठेवायला एकच बाई आली. मथुराबाई खिडकीशी वाकल्या आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, “वहिनी, मांगच्या वर्षी हे मशीन असतं, आन् तू अशीच घेतली असती, त माहा सोनू...”

इंदुताईंनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

गोपालला तीन लाल दिवे मोबाइलवर दिसले. त्याचा फोन येण्याआधीच भगवानरावांनी त्याला फोन केला. “मी नाही बावा. सलोनीले हिरवा लाइट दाखवाले तुह्या मायनं फुंकलं. इच्यार लोकाइले.”

गोपालने लोकांना विचारलं. लोकांनी सांगितलं. मशीन खोटं बोलत नाही हे तर तोच सांगत आला होता. दुसऱ्या दिवशी तो नागपूरहून आला, आईशी एक शब्द न बोलता सलोनीचे कपडे बॅगेत भरले आणि तिला घेऊन गेला. सलोनी फाटकातून मागे वळून बघत होती. तेवढं मात्र इंदुताईंना सहन झालं नाही. त्या दिवसभर चुलीपाशी तोंड लपवून बसल्या, आणि तरीही मनाशी म्हणाल्या, नागपूरला आहे ना, सुखरूप आहे.

जाताना गोपाल बापाला बजावून गेला, “आईले यवतमाळले दाखवा, व्यसनमुक्तीवाल्यायकडे. हयगय केली त गाडी विकीन.”

गावात भगवानरावांना अशी सहानुभूती कधीच मिळाली नव्हती. इतकी वर्षं प्याले, कोणी हूं की चूं केलं नाही. इंदुताईंच्या एका घोटाने पंचक्रोशी हादरली. हंसाबाईंनी विरजण मागायला यायचं बंद केलं. भजनी मंडळात इंदुताईंची चटई दाराजवळ सरकली.

फक्त एक अडचण झाली. यवतमाळला न्यायचं तर गाडीत फुंकणार कोण? इंदुताईंनी सवयीने नळीकडे हात नेला, तर भगवानराव ओरडले, “तू नको! पुन्हा बंद पाडशीन!” दुसऱ्या कुणाला शेजारी बसवावं, तर बायकोला कुठे नेतो ते सांगावं लागणार. म्हणून आदल्या दुपारपासून भगवानरावांनी बाटलीला हात लावला नाही. रात्रभर कूस बदलत राहिले, सकाळी भांडी आपटली, आणि नळी धरून स्वतः फुंकले. हिरवा दिवा लागला. इंदुताईंनी त्या रस्त्यावर पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून शेतातली कपाशीची पऱ्हाटी पाहिली. बोंडं फुटायला लागली होती.

दर आठवड्याला एक खेप आणि आदल्या दुपारपासून बाटली बंद, असे चार आठवडे गेले. पाचव्या खेपेला समुपदेशक मॅडमनी कागद बाजूला ठेवले. त्या तरुण होत्या, मायेने बोलायच्या.

“काकू, तुमच्यात खूप फरक आहे. खरं सांगू, मला तुम्ही पेशंट वाटतच नाही. आता नाही आलात तरी चालेल.”

इंदुताई दचकल्या. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. निंबाखाली भगवानराव उभे होते, घामाघूम, चिडलेले, आणि शुद्धीवर.

“नशीबवान आहात बरं का,” मॅडम म्हणाल्या. “असा नवरा सगळ्यांना मिळत नाही. किती करतात तुमच्यासाठी!”

“हो न मॅडम,” इंदुताई म्हणाल्या, आणि मान खाली घातली. “पण माही सुटत नाही वो.”

“अरे देवा. परत घेतली?”

“लय आठवण येते तिची.”

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. “मग आठवड्यातून दोनदा यावं लागेल, काकू. जमेल?”

इंदुताईंनी पुन्हा एकदा खिडकीबाहेर पाहिलं.

“रोज आलं त नाही चालत का?”