टायमावर सुटणारी सभा

दर रविवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला सुखदेवराव एकट्यानेच सभा भरवत. जामच्या आमच्या प्राथमिक शाळेतली पहिलीची खोली, दोन सतरंज्या, मधे एक स्टूल. पाच वाजले की ते कंडक्टरच्या तिकीट-चिमट्याने स्टुलावर दोनदा टक-टक करत, उभे राहत आणि रिकाम्या खोलीला सांगत, "मी सुखदेव. मी बेवडा हाये. चार वर्सं झाले, घेतली नाई." मग खाली बसून इतरांच्या बोलण्यासाठी वेळ सोडत. इतर म्हणजे भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता. सहाला एकच टक झाली की सभा संपली.

हे मला माहीत, कारण मी त्या शाळेत गुरुजी होतो, किल्ली माझ्याकडे असे आणि घर शाळेच्या समोरच. आणि सांगूनच टाकतो, त्या काळात मी रोज पीत होतो. बायको दोन्ही लेकरं घेऊन हिंगणघाटला माहेरी निघून गेली होती. मी गावात सांगत असे की सासूबाई आजारी आहेत. वर्षभर एकच सासू आजारी, तरी गाव बिचारं मान हलवत असे.

सुखदेवराव एसटीत कंडक्टर. पूर्वी इतके पीत की एकदा गाडी नागपूरला पोचली आणि कंडक्टर जामच्या स्टँडवरच राहिला. मग निलंबन झालं. नागपुरात दारू सोडलेली माणसं आठवड्याला एका खोलीत जमतात, हे त्यांना पुढे एका ओळखीच्या प्रवाशाने सांगितलं. शोधत गेले ते चुकून शेजारच्या विमा एजंटांच्या बैठकीत तासभर बसले. "तिथंबी सगळे दुःखीच होते. मले वाटलं, हेच असन," असं ते गंभीरपणे सांगत. दुसऱ्या रविवारी बरोबर खोली सापडली आणि ते सुटले.

पुढे त्यांनी तशीच सभा गावात सुरू करायचं मनावर घेतलं. बाहेर बोर्ड हवा म्हणून सरपंचांकडे गेले. सरपंच म्हणाले, "काऊन बोर्ड पायजे? आपल्या जिल्ह्यात दारू बंद हाये. कोणी पेतच नाई तं सोडन काय? बोर्ड लावला तं पोलीस पह्यले तुमालेच विचारतीन." त्यामुळे सभा बिनबोर्डाची राहिली.

सुखदेवरावांनी दारू सोडली, पण नाक काही सुटलं नव्हतं. रस्त्यात भेटले की माझा हात हातात घेत, किंचित पुढे झुकून वास घेत आणि हळूच म्हणत, "मोहाची हाये. अन् घाईत काढली हाये." उपदेशाचा एक शब्द नाही. वर एवढंच, "रविवारी येजा, गुरुजी. तुमची सीट ठेवली हाये."

मी थट्टेवारी नेत असे. "पॅसेंजर नाही तर गाडी कशाला सोडता?"

"पॅसेंजर नाई म्हणून गाडी रद्द नसते होत, गुरुजी. पुढच्या फाट्यावर एखादा हात दाखवून उभा राह्यते. गाडीच नाई आली तं तो काय करन?"

नागपूरच्या सभेला तीसेक माणसं येतात, मग तिकडे का जात नाही, असं विचारलं तर म्हणाले, "तिथं गाडी फुल्ल जाते." तो फाटा म्हणजे माझ्या घराचा ओटा, हे मला तेव्हा कळलं नाही. कदाचित कळलं असेल आणि मी कळू दिलं नाही.

एका रविवारी मात्र मी पाचनंतर शाळेच्या पायरीपर्यंत गेलो. त्यांनी मला पाहिलं आणि स्टूल बाजूला सरकवून जागा केली. मी म्हणालो, "खडूचा डबा राहिला होता." डबा घेतला आणि परत आलो. त्या डब्याची मला अजून लाज वाटते.

मग त्यांना कावीळ झाली. वर्ध्याला दवाखान्यात जाताना त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. "पाचले खोली उघडजा फक्त. बोलाचं काई नाई." तीन रविवार गेले. मी खोली उघडली नाही.

त्यांना भेटायला गेलो तोही थोडी घेऊनच, धीर यावा म्हणून. ते फार वाळले होते.

"रविवारी गाडी सुटली का?"

"सुटली."

"किती जण होते?"

"एक."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं खोटं बोलावंच लागलं. "मीच होतो. उभं राहून नावही सांगितलं."

त्यांनी माझा हात हातात घेतला. सवयीप्रमाणे जरा पुढे झुकले आणि थांबले. आता ते 'मोहाची' म्हणणार, म्हणून मी मान खाली घालून बसलो. ते म्हणाले नाहीत. हात तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं. येत्या रविवारीबी जाजा, गुरुजी."

शुक्रवारी ते गेले.

रविवारी पाचला मी खोली उघडली. सतरंज्या अंथरल्या, स्टुलावर दोनदा टक-टक केलं आणि उभा राहिलो. आधी कबूल केलं की मागच्या रविवारी मी आलोच नव्हतो. मग नाव सांगितलं, आणि त्यापुढचंही सांगितलं. मग खाली बसलो आणि सहा वाजेपर्यंत सुखदेवरावांच्या बोलण्यासाठी वेळ सोडला.