पिवळीची शेवटची तपासणी

‘‘सूनबाई, एक लक्षात ठेव. माझं काहीही उकळायचं नाही!’’ असं सासऱ्यांनी तिला स्वच्छ शब्दांत बजावलं होतं.

त्यावर ती फणकाऱ्यानं म्हणाली होती, ‘‘बाबा, मी फक्त बाळाच्या वस्तू उकळते. तुमच्या वस्तूंना मी चिमट्यानंसुद्धा शिवणार नाही!’’

आता खरं सांगायचं तर सूनबाईचा तो चिमटा फार चपळ होता. नऊ महिन्यांच्या छकुलीच्या हाताच्या टप्प्यात जे काही पडलेलं दिसेल ते चिमट्यात धरायचं आणि दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करायच्या वाफेच्या डब्यात टाकायचं, ही तिची सवय. वस्तू कोणती, कोणाची, असले प्रश्न जंतू विचारत नाहीत, मग तिनं तरी का विचारावेत? मागे एकदा टीव्हीचा रिमोट वाफवून निघाला होता. तेव्हापासून टीव्हीवर एकच वाहिनी दिसते, तीही फक्त शेतीविषयक.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले आणि त्यांनी एक जुनी इटालियन गाडी घरी आणली. पिवळी, दोन दारांची, इंजिन मागे आणि सामान पुढे. सूनबाईच्या नवऱ्याहून वयानं मोठी! नवरा म्हणायचा, ‘‘मला लहानपणी बाबांनी इतक्या मायेनं कधी पुसलं नाही.’’ तिचे सुटे भाग थेट इटलीहून पार्सलनं यायचे आणि डावा मागवला की हमखास उजवा यायचा. तिचं माहितीपुस्तकही इटालियनमध्ये. सासरे ते रोज दुपारी चष्मा लावून वाचत. म्हणजे चित्रं बघत.

पिवळी चोरीला जाईल ही त्यांची मोठी धास्ती. म्हणून गाडी उभी केली की मागचं झाकण उघडून ते तिचा रोटर काढून घेत आणि शर्टाच्या खिशात टाकत. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, वर पितळी पट्टी. इंजिनातल्या प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणं हे त्याचं काम. तो नसेल तर चोर काय, गाडी बनवणारा स्वतः आला तरी ती जागची हलणार नाही! पिवळीला चोरायला अजून कोणी फिरकलं नव्हतं, ते सोडा.

त्या दिवशी पिवळीची परीक्षा होती. वाहन तपासणीत ती दोनदा नापास झाली होती. आज दुपारी एकच्या आत पास झाली नाही, तर नोंदणी रद्द आणि गाडी थेट भंगारात. दोन दिवस सासऱ्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

‘‘काळजी करू नका बाबा,’’ सूनबाई म्हणाली. ‘‘मी मिनिटामिनिटाचं वेळापत्रक केलंय. गडबड होऊच शकत नाही!’’ आणि तिनं ते फ्रिजवर चिकटवलंसुद्धा.

नऊ वाजता नवरा ऑफिसला गेला. साडेनऊला सासऱ्यांनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग पँटच्या, मग खुंटीवरच्या कोटाच्या.

‘‘सूनबाई, रोटर गेला!’’

‘‘कुठे होता?’’

‘‘खिशात! सकाळी छकुलीला मांडीवर घेतलं तेव्हा होता. तिनं खिशात हात घातला, मी म्हटलं खेळतेय...’’

सूनबाईनं छकुलीकडे पाहिलं. छकुली तोंड मिटून बसली होती. छकुली कधीही तोंड मिटून बसत नसे!

‘‘गिळला!’’ सूनबाई किंचाळली. ‘‘बाबा, हिनं तुमचा रोटर गिळला!’’

पुढचं काही वेळापत्रकात नव्हतं. चप्पल एका पायात, बाळ काखेत, रिक्षात बसेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर, बातमीदार आणि भिंतीवरच्या फोटोतला सासूबाईंचा चेहरा येऊन गेला. तिकडे सासरे घर उलटंपालटं करायला मागे थांबले.

डॉक्टरीणबाईंनी छकुलीचं पोट चाचपलं. ‘‘गिळलंय काय नेमकं?’’

‘‘रोटर!’’

‘‘म्हणजे?’’

ते काही सूनबाईला सांगता येईना. तिनं सासऱ्यांना फोन लावून डॉक्टरीणबाईंच्या हाती दिला.

‘‘काका, वस्तू टोकदार आहे का?’’

‘‘छे हो! कडा अगदी गोलाकार. आणि काय चकाकी! हल्ली असला माल मिळत नाही.’’

‘‘विषारी?’’

‘‘अस्सल इटालियन आहे!’’

‘‘काका, मी विकत घेत नाहीये!’’

 पलीकडे सासऱ्यांचा आवाज एकदम चिरकला. ‘‘अहो, गाडी गेली खड्ड्यात! पोरगी कशी आहे ते सांगा आधी!’’

पिवळीबद्दल असे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. 

पोटाचा एक्स-रे निघाला. पोटात काही म्हणजे काही नव्हतं. फक्त झबल्याचं बटण दिसत होतं, तेही बाहेरून.

‘‘मग ही तोंड का उघडत नव्हती?’’

‘‘बाई, दात येतोय,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘दूध पाजा आणि दोघी झोपा.’’

घरी आल्या तेव्हा बारा वाजले होते. सासरे पायरीवर बसले होते. त्यांनी छकुलीला उचललं, छातीशी धरलं आणि गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. सूनबाई बाटली घ्यायला स्वयंपाकघरात गेली. वाफेचा डबा उघडला.

तीन बुचं, दोन बाटल्या आणि मधोमध रोटर. तकतकीत! सकाळी जमिनीवरून उचललेलं ते काळं काहीतरी...

‘‘बाबा,’’ ती आतूनच म्हणाली, ‘‘रागावणार नसाल तर एक दाखवू?’’

सासरे रागावले नाहीत. त्यांनी पितळी पट्टी बोटानं हलवली. ‘‘सैल झालीय. वाफेनं.’’ मग घड्याळ पाहिलं. आणि चाळीस वर्षांचा कारागीर जागा झाला! कपाटातून कवळीचा गुलाबी मसाला निघाला, पावडर द्रवात कालवली गेली, पट्टी दाबून बसवली गेली. सूनबाई केस वाळवायच्या यंत्रानं वारा घालत होती. दहा मिनिटांत रोटर तयार. काळा देह आणि गुलाबी हिरडी. हसायचाच बाकी होता!

पिवळी एका झटक्यात सुरू झाली.

‘‘मागचे दिवे लागतात का ते बघायला कोणीतरी लागेल,’’ सासरे चाचरत म्हणाले.

छकुली त्या गाडीत कधीही बसणार नाही, असं सूनबाईनं पूर्वीच जाहीर केलं होतं. आज तिनं बाळाची खुर्ची मागच्या सीटवर तीन पट्ट्यांनी आवळली आणि शेजारी बसली. पाठीमागे इंजिन घुरघुरायला लागलं, ऊब आली, आणि जी पोरगी जन्मल्यापासून दुपारची झोपली नव्हती, ती दुसऱ्या वळणावर गाढ झोपली! सूनबाईला रडू यायचंच बाकी राहिलं.

एकला पाच मिनिटं कमी असताना ते तपासणी केंद्रात शिरले. तपासनीस तारवटलेल्या डोळ्यांचा होता.

‘‘हॉर्न वाजवा.’’

सासऱ्यांनी दाबला. हॉर्न कण्हला आणि दोन्ही वायपर फडफडले.

‘‘हे काय?’’

‘‘साहेब, इटालियन आहे. हात हलवल्याशिवाय बोलता येत नाही तिला!’’

तपासनीस हसला नाही. ‘‘इंजिन बंद करून परत चालू करा.’’

सासरे पांढरेफटक पडले. पिवळी गरम असताना बंद केली की अर्धा तास रुसून बसते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सूनबाईला मात्र त्या क्षणी ते आठवलंसुद्धा नाही. ती पुढच्या दोन सीटच्या फटीतून डोकं काढून कुजबुजत ओरडली, ‘‘खबरदार बंद केलंत तर! बाळ झोपलंय!’’

तपासनीसानं आत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. ‘‘दुपारची झोपली?’’ त्यानं हळूच विचारलं. ‘‘माझ्याकडे जुळी आहेत हो. चार महिने डोळ्याला डोळा नाही.’’ मग दबक्या पावलांनी त्यानं गाडीला फेरी मारली. ब्रेक, दिवे, धूर, सगळं तपासलं आणि शिक्कासुद्धा आवाज न करता उमटवला. ‘‘पास. वायपरचं बघून घ्या. आणि... ही गाडी मिळते कुठे?’’

आता, सूनबाई म्हणजे कोण ते तुम्ही ओळखलंच असेल. स्वतःचं हसं करून घ्यायचं तर असं तिऱ्हाईतासारखं सांगितलेलं बरं पडतं.

तर एक विनंती आहे. आज सकाळी बाबा पिवळीला घेऊन जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेलेत, डोंगरावरच्या रस्त्यानं. फोन लागत नाहीये. तुम्ही त्या वाटेनं जाणार असाल आणि पिवळ्या गाडीच्या मागच्या झाकणात वाकलेले एक आजोबा दिसले, तर जरा थांबा. पाणी प्यायलात का, टोपी घातली आहे का, एवढंच विचारा. इंजिनाबद्दल चुकूनही विचारू नका, दोन तास जातील. आणि त्यांना सांगा, एक छोटी पितळी चकती घरी सापडली आहे. कशाची ते मला माहीत नाही, पण अगदी निर्जंतुक आहे.