दिघेकाका फोटोत आत जातात

आमच्या इंदूरच्या कॉलनीत ज्याचा वाढदिवस असतो, तो माणूस स्वतःच्या व्हिडिओत फार वेळ टिकत नाही. पडद्यावर त्याचा फोटो येतो, मागे सनई सुरू होते, फोटो हळूहळू मोठा होऊ लागतो आणि उत्सवमूर्ती एका बाजूने बाहेर पडते. आपण बघत बसतो. शेजारणीच्या साडीचे काठ येतात, खुर्चीची पाठ येते, भिंतीवरचं कॅलेंडर येतं आणि सगळा प्रवास पंगतीच्या टोकाला पापडांच्या टोपलीपाशी जाऊन थांबतो. जोशीसाहेबांच्या पंचाहत्तरीला ती टोपली इतका वेळ पडद्यावर होती, की मागून कुणीतरी ओरडलं, "काकाजी, बर्थडे पापड का है क्या?"

हे व्हिडिओ दिघेकाका करतात. फुकट करतात, त्यामुळे तोंडावर तक्रार करायची सोय नाही.

काका आमच्या समोरच्या घरात एकटे राहतात. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मालतीकाकू गेल्या, त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी एकदम कॉम्प्युटर आणला आणि व्हिडिओ एडिटिंग आपलं आपणच शिकले. त्यांची अट एकच, "ओरिजनल आणा." मोबाइलवर दहा जणांकडून फिरून आलेला फोटो दाखवला, की समोर शिळे पोहे आल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. अल्बममधला फोटो ते अलगद सोडवून स्कॅनरवर ठेवतात आणि इतका मोठा स्कॅन करतात, की तेवढ्यात आपला चहा पिऊन होतो.

कॉम्प्युटरला हे अर्थातच झेपत नाही. असे पाच-सहा फोटो एका व्हिडिओत घातले की तो आधी घुरघुरतो, मग तापतो, मग गप्प बसतो. काका त्याच्याकडे टेबलफॅन वळवतात आणि स्वतः घामाघूम होऊन बसतात. "बिचारा थकला," म्हणतात. जुनी इंदूर भागातला दुरुस्तीवाला त्यांना कळवळून सांगून गेला, "काकाजी, फोटो पहले वीडियो के साइज का कर लो। मक्खन चलेगा।"

"आणि मग आत कसं जाणार?" काकांनी विचारलं. दुरुस्तीवाल्याने पेचकस हत्यारांच्या पेटीत आवरला.

आत जाणं हा काकांचा खास शब्द. एकदा मला त्यांनी तो नीट समजावला होता. "देख सुनू, व्हिडिओ मतलब खिडकी. फोटो खिडकीएवढाच कापला तर संपलं ना! फोटो मोठा पाहिजे, मग खिडकी त्याच्यावरून फिरवायची. इथे सुरू, तिथे शेवट, एवढं सांगायचं. मधलं कॉम्प्युटर आपला चालतो." मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "जगाच्या नकाशात देपालपुर दाखव बरं. नाही दिसणार. छोट्या नकाशात छोटी गावं राहतच नाहीत. लोक पण नाही राहत, यार."

"पण काका, जरा भरभर फिरवा ना."

"आराम से, भिया, आराम से." भिया म्हणजे इंदुरी भैया. रंगात आले की ते बायकांनाही भिया म्हणतात.

यंदा आमच्या आई-बाबांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव आला. बाबांना स्वतःच्या फोटोंचा भारी सोस. फोटो काढायचा म्हटलं की आजही ते आधी कंगवा मागतात. त्यांनी मला बजावलं, "तू बस दिघ्यांजवळ. पापडाकडे निघाले की हात धर. फोटो आमच्यावर थांबला पाहिजे." मी अल्बम घेऊन रविवारी दुपारी समोरच्या घरी पहारेकरी म्हणून रुजू झाले.

पडदे ओढलेले होते. टेबलफॅन कॉम्प्युटरला वारा घालत होता. पडद्यावर आमच्या घराच्या वास्तुशांतीचा फोटो होता. बाबा सोवळ्यात, आई शेजारी, मी आईच्या मांडीवर. काकांनी खिडकी फिरवायला सुरुवात केली आणि खरं सांगते, मी पहारा विसरले. आईच्या त्या मोरपंखी साडीचा काठ नदीसारखा पुढे पुढे जात राहिला. होमाचा धूर आला, धुरामागे ओल्या रंगाची भिंत आली. मला त्या घराचा वास आला. एवढुशा फोटोत एवढं सगळं इतकी वर्षं राहत होतं आणि मी तो अल्बम भराभर उलटत आले होते.

मग भानावर आले. आई-बाबा केव्हाच मागे पडले होते.

"काका, अहो, चाललात कुठे?"

"आराम से. पोचतोय."

ते स्वयंपाकघराच्या दारापाशी पोचले. तिथे एक बाई पाठमोरी उभी होती. लांब वेणी, हातात स्टीलचा जग, वळता वळता पकडलेली. खिडकी तिच्यावर थांबली. मी त्या वेणीकडे बघत राहिले आणि मला ओळख पटली. मालतीकाकू. कॉलनीत कुणाचंही कार्य असो, वाढायला त्याच असायच्या. जोशीसाहेबांच्या व्हिडिओतल्या पापडांच्या टोपलीला एक हात होता, हे मला तेव्हा आठवलं.

काका पडद्याकडे बघतच बोलले. "घरात तिचे दोनच फोटो. लग्नातला, तो मुंडावळ्यांत झाकलेला. दुसरा आधार कार्डाचा, त्यात चोर वाटते. फोटोवाला रेडी म्हणाला की ही पलटली. कढई उतरवायचीय म्हणायची. मला कधी फोटोचा शौक नव्हता, मी काही काढले नाहीत. आता लोकांच्या फोटोंत शोधतो. हात सापडले पुष्कळ. पाठ आहे, वेणी आहे. शर्मांच्या मुंजीत... नाही, जनेऊमध्ये, एक कान मिळाला, कुडीसकट. चेहरा नाही मिळत."



"ती हसली की एक डोळा जास्त बारीक व्हायचा," ते म्हणाले. "डावा का उजवा, ते मला आता नक्की आठवत नाही, सुनू."

मला रडू आलं. पहारेकऱ्याने रडायचं नसतं म्हणून मी फॅन थोडा सरकवला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आई चटकन उठली आणि तिने माळ्यावरून स्टुडिओचं एक पिवळं पडलेलं पाकीट काढून आणलं. बिघडलेले फोटो. टाकवत नाहीत म्हणून ठेवलेले. "अगं, चांगल्या फोटोंत मालती कशी सापडेल?" आई म्हणाली. "चांगला फोटो निघेपर्यंत ती थांबायचीच कुठे?"

त्यात वास्तुशांतीचाच एक होता. फोटोवाल्याने रेडी म्हणायच्या आधीच बटण दाबलं गेलेलं. आई पदर सावरतेय, मी भोकाड पसरलंय, बाबांचे डोळे मिटलेले आणि तोंड उघडं. आणि दारात जग घेतलेल्या मालतीकाकू, समोर तोंड करून, या सगळ्या गोंधळाला मनापासून हसताहेत. त्यांच्या हिशेबी फोटो अजून निघायचाच होता.

बाबांनी तो फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला. "माझं तोंड बघा केवढं," म्हणाले. मग चपला घालून, पाकीट घेऊन स्वतःच समोर गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "व्हिडिओत लावा म्हटलं. माझे डोळे मिटलेले तर मिटलेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला मी फाटकाशी आले तर काका उभे. दाढी केलेली, डोळे सुजलेले.

"उजवा," ते म्हणाले आणि परत गेले.

कार्यक्रमाला सगळी कॉलनी होती. शेवटी तो फोटो आला. बाबांचं उघडं तोंड पडद्यावर हे एवढं मोठं. हॉल हसून लोटपोट झाला, हार घातलेले बाबाही हसले. मग फोटो बाजूला सरकू लागला आणि मागून सवयीचा आवाज आला, "चले काकाजी पापड की तरफ!"

खिडकी दारापाशी आली आणि आत गेली. पण काका नेहमीसारखे शेवटपर्यंत गेले नाहीत. आणखी थोडं आत गेलं असतं तर चेहऱ्याचे नुसते दाणे दिसले असते, त्याच्या जरा अलीकडे ते थांबले. मालतीकाकू हसत होत्या. ज्यांनी त्यांच्या हातचं खाल्लं होतं त्या सगळ्यांनी त्यांना ओळखलं.

सनई संपली तरी फोटो तसाच होता. आपल्यामुळे जेवणाचा खोळंबा झाला असं वाटून काका घाईघाईने कॉम्प्युटर बंद करायला उठले. बाबांनी त्यांचा हात धरला.

"बसा, भिया," बाबा म्हणाले. "आराम से."

काका बसले. पंगतीची पानं वाढून झाली होती, तरी कुणी उठलं नाही.