उकिडव्यांची कादंबरी पडद्यावर निघते

"एका वर्षाच्या आत माझ्या कादंबरीचा सिनेमा निघाला नाही, तर लेखणी मोडून कूवम नदीत फेकीन!"

अशी घोषणा बाळकृष्ण उकिडव्याने २००६ सालच्या एप्रिलात, चेन्नईत, एग्मोरमधल्या आपल्या सरकारी कार्यालयात, ऐन डब्याच्या वेळी केली. शेजारच्या टेबलावरची सरोजिनी दहीभात कालवत होती. ती शांतपणे म्हणाली, "नको सर. कूवममध्ये आधीच खूप घाण आहे."

पण असल्या शेऱ्यांनी डगमगेल तो बाळकृष्ण कसला! 'शून्यत्रिज्या' ही त्याची विज्ञान कादंबरी साधीसुधी नव्हती. सहाशे बारा पानं! चार काळ, त्यातला एक उलटा चालणारा. नायक येतो तो दोनशे दहाव्या पानावर, आणि आल्या आल्या त्याची दोन शकलं होऊन ती दोन आकाशगंगांत निघून जातात. गोष्ट सांगणारे तिघे. त्यातला तिसरा म्हणजे चक्क एक समीकरण! साताऱ्याच्या एका छापखान्यातून त्याने ती स्वतःच छापून घेतली होती आणि चेन्नईला बदली झाली तेव्हा उरलेल्या प्रती बरोबर आणल्या होत्या. त्या इतक्या उरल्या होत्या, की वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये त्याची बायको जयवंती त्यांच्यावर गादी टाकून पाहुण्यांना झोपवत असे.

सिनेमाचा योग आला तो खालच्या मजल्यावरून. तिथे राणोजीराव राहत. तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात काढलेले, बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. त्यांचा जावई अरुण सिनेमाचा दिग्दर्शक. त्याला अंतराळावर सिनेमा काढायचा होता आणि मनासारखी गोष्ट सापडत नव्हती. राणोजीरावांनी वरून 'शून्यत्रिज्या' मागून नेली, दोन महिन्यांनी परत आणून दिली आणि म्हणाले, "उकिडवे, थोर आहे हो! मी जावयास सांगितलों. मुत्तय्या म्हणून निर्माते आहेंत, ते तुम्हांस बोलावितात."

बाळकृष्णाला पैशाबिशाचा मोह नव्हता. त्याला एकच हवं होतं. मुहूर्ताच्या पूजेच्या आमंत्रणपत्रिकेवर आणि मग पडद्यावर, 'कथा' असं लिहून त्यापुढे आपलं नाव. ठसठशीत! ते जयवंतीने एकदा डोळे भरून वाचावं, म्हणजे पाहुण्यांच्या गादीखाली काढलेली सगळी वर्षं वसूल झाली असती.

कोडंबाक्कमला, मुत्तय्यांच्या कचेरीत तो जय्यत तयारीनिशी गेला. कादंबरी, तिचा चाळीस पानी सारांश, चार काळांचे चार तक्ते आणि समीकरणाचं मोठं रंगीत चित्र! मुत्तय्यांनी त्या ढिगाकडे प्राप्तिकराची नोटीस आल्यासारखं पाहिलं, तो अलगद बाजूला सरकवला आणि हात जोडून म्हणाले, "कदै सोल्लुंगो सार!"

म्हणजे, गोष्ट सांगा! अरुणने बाळकृष्णाला रीत समजावली. इकडे कागद कुणी वाचत नाही. गोष्ट तोंडी सांगायची. आधी निर्मात्याला, मग हिरोला. ऐकणारा मध्येच "अप्पुरम?", म्हणजे "पुढं?" असं म्हणाला, तर सिनेमा निघणार. नाही म्हणाला, तर कॉफी पिऊन घरी!

बाळकृष्णाचं तमिळ कांदे-टोमॅटो घेणं आणि रिक्षावाल्याला मीटर टाकायला लावणं, एवढ्यापुरतंच. त्यात उलटा चालणारा काळ बसेना. अरुणला मराठी येत होतं, पण गोष्ट रंगवून सांगणं जमत नव्हतं. म्हणून ठरलं, की बाळकृष्णाने मराठीत सांगायचं आणि बरोबर आलेल्या राणोजीरावांनी ते तमिळमध्ये करायचं.

बाळकृष्णाने पहिलं प्रकरण समीकरणासकट पंधरा मिनिटं सांगितलं. राणोजीरावांनी त्याचं तमिळ केलं. चार शब्दांत!

"एवढंच?" बाळकृष्णाने विचारलं.

"सारं आलं त्यांत," राणोजीराव म्हणाले.

मग बाळकृष्ण सहज म्हणाला, "त्यानंतर डॉक्टर वसुधा यानात बसून निघून जाते." एवढं एक वाक्य! त्यावर राणोजीराव वीस मिनिटं बोलले. खुर्चीतून उठले, हातवारे केले, आवाज चढवला, उतरवला, एकदा तर उपरण्याने डोळे टिपले. त्यांचे आजोबा तंजावरच्या देवळांतून कीर्तनं करायचे. ते आजोबा जणू अंगात आले! मुत्तय्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि पुढे झुकून विचारलं, "अप्पुरम?"

बाळकृष्णाला त्या वीस मिनिटांतला एकच शब्द समजला, 'अम्मा'. तो सारखा येत होता. अम्मा? वसुधाची आई? त्याच्या कादंबरीत यानं होती, कृष्णविवरं होती, समीकरण होतं. आई नव्हती!

"राणोजीराव, ही आई कुठून आणलीत?"

"मी कशास आणूं? तुमच्या पुस्तकांतलीच कीं!" असं म्हणून ते पुढचं सांगायला लागले.

हा माणूस आपल्या कादंबरीत स्वतःच्या गोष्टी घुसडतोय, अशी बाळकृष्णाची त्या क्षणी खात्रीच पटली. आणि मग बैठकीमागून बैठक तो जळत राहिला. कॉफी आधी राणोजीरावांना, मग त्याला! राणोजीराव 'सार', आणि तो नुसता 'अवर', म्हणजे 'ते'! परत जाताना राणोजीरावांना दारापर्यंत सोडायला गाडी. बाळकृष्णाला आठवणीने कुणी विचारलं, तर त्या गाडीत पुढे, ड्रायव्हरशेजारी, तक्ते मांडीवर घेऊन. तिसऱ्या बैठकीपासून तर त्याने रागाने ऐकणंच सोडून दिलं. राणोजीराव बोलायला लागले, की हा खिडकीबाहेर बघत बसायचा.

कडेलोट झाला तो घरात. एका संध्याकाळी जयवंती खालून डोळे पुसत आली.

"काय झालं?" बाळकृष्णाने घाबरून विचारलं.

"काही नाही हो. राणोजीराव वसुधाच्या आईचं सांगत होते. सगळी बिल्डिंग रडत होती. किती सुंदर आहे हो तुमची गोष्ट!"

"तुला आज कळलं? तू वाचली आहेस ना ती?"

"वाचली की," जयवंती पदराशी चाळा करत म्हणाली, "बेचाळिसाव्या पानापर्यंत."

"अकरा वर्षांत बेचाळीस पानं?"

"मी काय करू? त्रेचाळिसाव्या पानावर ते समीकरण बोलायला लागतं!"

त्या रात्री बाळकृष्ण जेवला नाही. स्वतःच्या बायकोने स्वतःच्या कादंबरीसाठी गाळलेले अश्रू, आणि ते दुसऱ्याच्या दिवाणखान्यात! त्याने ठरवलं, आता बस. हिरोला गोष्ट आपण सांगायची. एकट्याने. आणि तमिळमध्ये!

त्याने सरोजिनीकडून तमिळ भाषण तयार करून घेतलं, ते देवनागरीत उतरवलं आणि आठ दिवस पाठ केलं. हिरोची बैठक दिवाळीआधीच्या शनिवारी सकाळी मुत्तय्यांच्या कचेरीत होती. शुक्रवारी तो खाली गेला आणि राणोजीरावांना बेधडक सांगून आला, "उद्याची जागा बदललीय. टी. नगरला साड्यांच्या मोठ्या दुकानासमोर उभे राहा. गाडी घ्यायला येईल."

"सरी, सरी, बरें," राणोजीराव म्हणाले. "तुम्ही किती काळजी घेतां हो!"

बाळकृष्णाला थोडं टोचलं. पण थोडंच.

शनिवारी हिरो आला. काळा चष्मा, पांढरा शर्ट, मागे सहा माणसं. "राणोजी सार कुठायत?" मुत्तय्यांनी विचारलं. "त्यांना बरं नाही," बाळकृष्ण म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने तक्ता उलगडून भाषण ठोकायला सुरुवात केली.

दहा मिनिटांनी हिरोने हात वर केला. अरुण मराठीत त्याचे प्रश्न सांगायला लागला. "ते विचारतायत, त्यांची एंट्री कधी?"

"दोनशे दहाव्या पानावर."

"मध्यंतर कुठे?"

"काळ उलटा आहे, त्यामुळे मध्यंतर सुरुवातीच्या नावांच्या आधी येईल."

"फाइट कुणाशी?"

"समीकरणाशी!"

हिरोने सावकाश मान वळवून मुत्तय्यांकडे पाहिलं. मुत्तय्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते काकुळतीने म्हणाले, "अम्मा सार! अम्माची गोष्ट सांगा!"

"अम्मा..." बाळकृष्ण चाचरला. पाठ केलेल्या भाषणात अम्मा नव्हती. राणोजीराव सांगत होते, तेव्हा हा खिडकीबाहेरच्या कावळ्यांकडे बघत होता. "अम्मा इल्लै," म्हणजे आई नाही, असं तो शेवटी म्हणाला.

हिरो उठला. त्याबरोबर मागची सहा माणसंही उठली. मुत्तय्या दारात आडवे आले. अरुणने खिशातून मोबाइल काढून सासऱ्यांना लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला.

आधी ऐकू आले बसचे भोंगे. मग रेटारेटी, आरडाओरडा, "पट्टु साडी, पट्टु साडी!" अशी रेशमी साड्यांची हाळी. आणि त्या सगळ्यातून राणोजीरावांचा आवाज, "अरुण? गाडी कुठें आहे रे? उकिडव्यांनी सांगितलं म्हणून मी सकाळपासून टी. नगरांत उभा आहें. माझी एक चप्पल गेली गर्दींत!"

अरुणने सासऱ्यांचं म्हणणं तमिळमध्ये सांगितलं. सगळ्या खोलीने बाळकृष्णाकडे पाहिलं. बाळकृष्णाने तक्त्याकडे पाहिलं.

"मामा, बैठक इथे कचेरीतच आहे," अरुण म्हणाला.

राणोजीरावांना काय ते कळलं असावं. "अय्यो," ते म्हणाले, "मीच विसरलों रे. म्हातारा झालों. उकिडव्यांस कांहीं बोलूं नका."

बाळकृष्णाला वाटलं, यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग दुकानाच्या पायरीवर टेकून, एका पायात चप्पल अशा अवस्थेत, राणोजीरावांनी फोनवर गोष्ट सुरू केली. अरुण हळूच बाळकृष्णाच्या कानात मराठीत सांगत होता, आणि बाळकृष्ण पहिल्यांदाच ऐकत होता. वसुधा कृष्णविवराजवळ आहे. तिचा एक दिवस म्हणजे पृथ्वीवरची चाळीस वर्षं. इकडे गावात तिची आई रोज संध्याकाळी यंत्रापाशी बसते आणि लेकीला एकच सांगते, आज काय भाजी केली. तिकडे वसुधाच्या कानात चाळीस वर्षांच्या भाज्या एका दिवसात येताहेत. सकाळी आईचा आवाज तरुण आहे. दुपारी तो घोगरा होतो. संध्याकाळी थरथरायला लागतो. मग मध्येच थांबतो. वसुधा कान देऊन बसते. आणि अचानक पुन्हा आवाज येतो, पण तो आईचा नसतो. तो आवाज...

फोन बंद पडला!

"अप्पुरम?" हिरो ओरडला. "अप्पुरम?" मुत्तय्या ओरडले. सहा माणसंही ओरडली. आणि सगळे बाळकृष्णाकडे वळले. शेवटी लेखक तोच होता ना!

"मला... मला नाही माहीत," बाळकृष्ण म्हणाला. आणि खरं सांगायचं, तर कुणाचा आवाज तो, हे कळल्याशिवाय त्याचाही जीव राहणार नव्हता. "अरुण, लाव रे पुन्हा फोन! लाव लवकर!"

पाचव्या खेपेला लागला. "चार्ज संपत आहे," राणोजीराव घाईने म्हणाले. "पुस्तकांत पाहा कीं. पान चारशें सतरा. खालीं, बारीक अक्षरांत." आणि फोन पुरता गेला.

बाळकृष्णाने स्वतःची कादंबरी उघडली. पान चारशे सतरा. खाली तळटीप क्रमांक त्र्याऐंशी, 'काळाच्या वेगातील फरक समजण्यासाठी एक उदाहरण'. अकरा वर्षांपूर्वी पान भरायला चार ओळी कमी पडत होत्या, म्हणून खरडलेली! राणोजीरावांनी पुस्तक पोथीसारखं वाचलं होतं. अंघोळ करून, पाटावर बसून, रोज थोडं, आणि एक अक्षर न गाळता. बाळकृष्ण मोठ्याने वाचायला लागला. तो आवाज शेजारणीचा होता. आई गेल्याचं लेकीला कळू नये म्हणून ती रोज यंत्रापाशी येऊन बसायची आणि म्हणायची, आज वांग्याची भाजी केलीय.

शेवटच्या शब्दाला बाळकृष्णानेच रुमाल काढला. अरुणने तमिळ केलं. हिरोने काळा चष्मा काढला, डोळे पुसले आणि विचारलं, "हे लिहिलं कुणी?"

"राणोजी सार!" सगळे एका सुरात म्हणाले.

बाळकृष्णाने तोंड उघडलं. 'मी' एवढं एकच अक्षर! पण टी. नगरच्या पायरीवर एका चपलेने बसलेला म्हातारा डोळ्यांसमोर आला. त्याने नुसतं पुस्तक मिटलं.

सिनेमा ठरला. समीकरण गेलं, उलटा काळ गेला, नायकाची दोन शकलं पुन्हा जोडली गेली. राहिली ती आई. पत्रिकेवर 'कथा' म्हणून आपलं नाव येणार, हे राणोजीरावांना कळलं, तेव्हा त्यांनी मुत्तय्यांशी तीन दिवस भांडण मांडलं, की माझं नाव नको, उकिडव्यांचं घाला. मुत्तय्या म्हणाले, आमच्याकडे ज्याने सांगितली त्याची गोष्ट. शेवटी तडजोड झाली.

पूजेची पत्रिका घरी आली. सगळी तमिळमध्ये. जयवंती तमिळ वाचायला शिकली होती, खाली राणोजीरावांकडेच. तिने बोट ठेवून वाचलं, "कथा, राणोजीराव. आणि त्यापुढे एक फुली आहे."

"फुली कसली?"

जयवंतीचं बोट खाली खाली गेलं. मंडपाचा पत्ता ओलांडून, छापखान्याच्या नावाच्याही खाली. "इथे पुन्हा फुली. बारीक अक्षरांत. मूळ कल्पना, बाळकृष्ण उकिडवे."

बाळकृष्ण मटकन खुर्चीत बसला. "तळटीप! मला तळटीप केलं! अगं, तळटीप कधी कुणी वाचतं का?"

"असं काय म्हणता?" जयवंती त्याची समजूत घालत म्हणाली. "राणोजीराव वाचतात की!"

आणि बाळकृष्णाच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.