उद्घाटनापूर्वीचे जिवाणू

शहरातल्या एका विज्ञान महाविद्यालयात ऐन मे महिन्यात जुना डीप फ्रीजर बंद पडला आणि नवा लगेच आला. असं आपल्याकडे सहसा घडत नाही, म्हणून विभागप्रमुख सुदर्शन सरांनी नव्या फ्रीजरला ताबडतोब लाल फीत बांधून घेतली.

फ्रीजरची खरी गरज रूपालीला होती. ती जिवाणूंवर पीएचडी करत होती. जिवाणू आपल्या अंगाभोवतीचं पातळ आवरण फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंनी स्वतःच बांधतो. आधी चरबीच्या दोन शेपट्या जोडतो, मग वर डोकं बसवतो, रेणू आवरणात सरकवतो आणि पुढच्या रेणूला लागतो. या कामी तो कुणालाही निमंत्रण देत नाही. रूपालीच्या जिवाणूंच्या वाणात मात्र डोकं बसवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, नाजूक होतं. गारव्यात ते नीट राबायचं. पारा चाळिशीच्या वर गेला की हातपाय गाळायचं. मग आवरण धड बनायचं नाही आणि जिवाणू मरायचा. हा वाण हाती यायला तिची उमेदीची वर्षं गेली होती आणि दुसरा साठा कुठेच नव्हता.

"सर, नुसता प्लग लावू द्या. फीत जागच्या जागी राहील," ती म्हणाली.

"चालू यंत्राचं उद्घाटन?" सर दुखावले. "पाहुण्यांना काय वाटेल?"

पाहुणे शुक्रवारी येणार होते. शुक्रवारी त्यांना वैजापूरला लग्न निघालं. त्या लग्नात त्यांना आणखी दोन लग्नांची आमंत्रणं मिळाली. तोवर जिवाणूंच्या नळ्या थर्मोकोलच्या खोक्यात, क्रांती चौकातल्या रसवाल्याकडून आणलेल्या बर्फात राहिल्या.

फीत कुणी सोडू नये म्हणून प्रयोगशाळेतले शिपाई कडुबा फ्रीजरसमोर स्टूल टाकून बसले.

"कडुबामामा, माझं सगळं काम मरतंय हो," रूपाली म्हणाली.

"व्हय मॅडम, दिसतंय ना. पन फीत आत्ताच सोडली, तर पाव्हन्यानं इथं येऊन कापायचं काय?"

रूपालीला राग आला. पण मुद्दा तिलाही पटला, आणि याचाच तिला जास्त राग आला.

रसवाल्याचा बर्फ दुपारनंतर मिळेनासा झाला, तेव्हा सरांनी स्वतः लक्ष घातलं. त्यांनी परिपत्रक काढलं: 'विभागातील सर्व जिवाणूंनी उद्घाटनापर्यंत आवरणनिर्मितीचे काम स्थगित ठेवावे. दरम्यान झालेली वाढ अनधिकृत समजण्यात येईल.' कडुबांनी ते खोक्यावर चिकटवलं आणि जिवाणूंना वाचता येत नाही हे ध्यानात घेऊन एकदा मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

जिवाणूंनी आदेशाचं पालन केलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रूपालीनं तपासलं, तर एकही नळी जिवंत नव्हती.

"सगळे गेले?" सरांनी विचारलं.

"सगळे."

सरांना मनापासून वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "पण नळ्या आहेत ना?"

नळ्या होत्या. कुंकू लावलेल्या ताटातून त्या आल्या. पाहुण्यांनी फीत कापली, कडुबांनी नारळ फोडला, फ्रीजर गुरगुरू लागला.

"यात काय आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

"जिवाणू," सर म्हणाले.

"होते," रूपाली म्हणाली. पण माइक सरांकडे होता. पाहुण्यांनी जिवाणूंच्या शिस्तीचं कौतुक केलं आणि टाळ्या झाल्या.

आता जो तो रूपालीला म्हणतो, "अगं, तूच सरळ फीत कापून टाकायची होतीस." तुमच्याही मनात हेच आलं असेल. तुम्हाला ते बोलणं शोभतं. तुमच्या कॉलनीत वर्गणीतून घेतलेली रुग्णवाहिका कधीची हार घालून उभी आहे. परवा आईच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा तुम्ही तिला रिक्षात घालून त्याच रुग्णवाहिकेशेजारून नेलंत. आणि रिक्षा जराशी थांबवून, बाहेर वाकून, तुम्ही तिथं उभ्या असलेल्या कॉलनीच्या चेअरमनसाहेबांना एवढंच विचारलंत, "कार्यक्रम कधी ठरलाय?"