चाकाने की पंखाने

धुळं किती लांब, असं कोणी विचारलं की आमच्या शेजारचे नाना आधी उलटा प्रश्न करतात, "चाकाने की पंखाने?"

चाकाने म्हटलं तर तोंड कडू करतात. अडीच तास, आणि एरंडोलला बस चहाला थांबली तर त्याहून जास्त. पंखाने म्हटलं की खुर्ची पुढे सरकवतात.

"वीस मिनिटनं काम शे."

जळगावचं विमानतळ आमच्या नशिराबादजवळच आहे. धुळ्यालाही गोंदूरला धावपट्टी आहे. पण इथून तिथे विमान जातं असं माझ्या तरी ऐकिवात नाही. नाना म्हणतात, अजून नाही. दर चार दिवसांनी ते विमानतळाच्या फाटकाशी जाऊन धुळ्याचं विमान सुरू झालं का ते विचारून येतात. तिथला पहारेकरी त्यांना खुर्ची देतो, पाणी देतो, विमान काही देत नाही.

हिशोब त्यांनी स्वतःच केला, नातवाच्या पुस्तकातल्या नकाशावर दोरा ताणून. एकदा मी त्यांना भरीत दिलं. त्यांनी खाल्लं नाही. डबा बंद करून ओट्यावर ठेवला आणि घड्याळ घेऊन शेजारी बसले. वीस मिनिटांनी झाकण काढून भरतात बोट घातलं. चटका बसला तसे खूश झाले. धुळ्याला अक्काच्या ताटात भरीत गरमच पडलं असतं, हे त्या दिवशी सगळ्या गल्लीने ऐकलं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, हिनेच यांना वाढवलं.

लोक नानांना हसायचे. मीही पदराआड हसले आहे. मग त्यांच्या सुनेने एकदा खरं कारण सांगितलं. नानांना गाडी लागते. भाच्याच्या लग्नात ते वऱ्हाडाच्या बसने गेले आणि पुढच्या सीटवरच्या व्याह्यांचा फेटा कामातून गेला. त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून नाना धुळ्याला गेले नाहीत. अक्कांचे गुडघे धरलेले, त्या येऊ शकत नाहीत. राखी पोस्टाने येते.

या उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. अक्का मोरीत पडल्या, मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर वयाचं बोलतात आणि अक्का सारखं नानांचं नाव घेतात. त्या दिवशी नाना फाटकाशी गेले नाहीत. आमच्या दारात येऊन उभे राहिले. माझं माहेर धुळ्याचं, हे त्यांना ठाऊक होतं.

"माय, मन्हासंगे बसमा येशी का?"

मी लिंबू, आवळासुपारी आणि सात पिशव्या घेतल्या. पाळधीपर्यंत दोन संपल्या. एरंडोलला कंडक्टरने दया येऊन नानांना खिडकी दिली, पण वारा नेमका आतल्या बाजूला होता. मागचा माणूस फार बोलला. त्याला मीच गप्प केलं, कसं ते मलाही कळलं नाही. पारोळ्याला नानांचा चेहरा राखेसारखा झाला. मी विचारलं, उतरायचं का? त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. नाही.

अक्का खाटेवर एवढ्याशा झालेल्या. त्यांनी भावाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. कसा आलास, हे विचारलंच नाही.

"तो शर्ट काढ. मी धुई टाकस."

नानांनी लगेच शर्ट काढला. मोरीत जाऊन स्वतःच धुतला, पण पिळला नाही. तसाच निथळत आणला, एक बाही अक्कांच्या हातात दिली आणि दुसरं टोक स्वतः धरून उभे राहिले. अक्कांनी पडल्या पडल्या पीळ दिला. पाणी अंथरुणावर गळायला लागलं. भाचेसून फडकं घेऊन धावली, तिचा हात मी धरला.